मॉडेल १०० मधली दुसरी बॅटरी

डॅलसजवळच्या आमच्या वस्तीत गेल्या वर्षी एका वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या घरातील सामानाची विक्री होती. अशा विक्रीला बहुतेक लोक लाकडी कपाटे आणि काचेची भांडी पाहायला येतात. मी मात्र सरळ गॅरेजमध्ये जाऊन जुन्या तारांची खोकी उपसत बसतो. त्या दिवशी एका खोक्याच्या तळाशी मऊ काळ्या पिशवीत गुंडाळलेला टीआरएस-८० मॉडेल १०० हा जुना, उचलून नेता येणारा संगणक मिळाला. त्यांच्या कन्येने सांगितले की वडील एका वृत्तपत्रात क्रीडावार्ताहर होते, सामना संपला की मैदानातूनच याच्यावर बातमी लिहून टेलिफोनवरून धाडत असत, आणि यंत्र बंद पडून बरीच वर्षे झाली तरी ते त्यांच्याने टाकवले नाही. वीस डॉलर देऊन मी ते घरी आणले.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. १९८३ साली आलेला हा संगणक जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवला आणि इथून तासाभरावर असलेल्या फोर्ट वर्थच्या टँडी कंपनीने तो आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून विकला. त्याचीच भावंडे एनईसीने पीसी-८२०१ या नावाने आणि ऑलिव्हेट्टीने एम१० या नावाने बाजारात आणली. मोठ्या वहीएवढा आकार, सुमारे १.४ किलो वजन, ४० अक्षरांच्या ८ ओळी दाखवणारा पडदा आणि २.४५७६ मेगाहर्ट्झवर चालणारा ८०सी८५ प्रोसेसर एवढाच त्याचा संसार. आतील ३२ किलोबाइटची रॉम, म्हणजे प्रोग्राम कायमचे कोरलेली स्मृती, मायक्रोसॉफ्टची असून तिच्या कामात खुद्द बिल गेट्स यांचा हात होता. चार पेन्सिल सेलवर हे यंत्र सुमारे वीस तास चालत असे, आणि त्यातील मोडेम सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण तीस अक्षरे पाठवत असल्यामुळे तीन हजार अक्षरांची बातमी पावणेदोन मिनिटांत वृत्तपत्राच्या कचेरीत पोहोचत असे. वार्ताहरांनी ते इतके जवळ का केले, हे एवढ्यावरून समजावे.

या यंत्रात डिस्क नाही. लिहिलेला मजकूर स्थिर रॅममध्येच, म्हणजे विजेवर टिकणाऱ्या स्मृतीत, राहतो, आणि विजेचा पुरवठा तुटला की तो नाहीसा होतो. त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या चार सेलखेरीज आत मुख्य पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, एक दुसरी बॅटरी सोल्डर केलेली असते: निकेल-कॅडमियमच्या तीन चकत्यांची, ३.६ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअर-तास क्षमतेची. पेन्सिल सेल किंवा अ‍ॅडॅप्टर जोडलेला असताना ती संथपणे भरत राहते आणि सेल काढले की स्मृती तोलून धरते. रॅम ८ किलोबाइट असेल तर सुमारे तीस दिवस, ३२ किलोबाइट असेल तर सुमारे आठ दिवस. मला मिळालेल्या यंत्रात २४ किलोबाइट होते. त्या गृहस्थांनी शेवटचे काय लिहून ठेवले होते ते ही बॅटरी संपली त्या आठवड्यातच पुसले गेले असणार, हे यंत्र हातात घेतानाच मला ठाऊक होते.

ठाऊक असूनही मी पहिली चूक केली ती केलीच. इतकी वर्षे बंद असलेले यंत्र आधी उघडून पाहावे आणि मगच त्याला वीज द्यावी, हा नियम मी इतरांना नेहमी सांगतो. पण त्या संध्याकाळी सेलची खाच कोरडी आणि स्वच्छ दिसली, म्हणून मी चार नवे सेल घालून उजव्या बाजूची कळ सरकवली. पडदा कोराच राहिला. पडद्याचा गडदपणा बदलणारे चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवले तरी एक ठिपका उमटला नाही. मग सेल काढले, स्वतःला दोन शब्द सुनावले आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलो.

तळाचे चार स्क्रू काढले की या यंत्राचे दोन भाग होतात. वरच्या भागात पडदा आणि कळफलक राहतात, खालच्या भागात मुख्य पाटी. दोन्ही भागांना जोडणाऱ्या तारा आखूड असल्याने झाकण पुस्तकासारखे हळूच उघडावे लागते. जोड सोडवण्यापूर्वी मी प्रत्येकाची दोन-तीन छायाचित्रे घेतली. जुने प्लास्टिक बिस्किटासारखे मोडते, म्हणून जोड ओढताना तारेला नव्हे, तर जोडाच्या अंगालाच धरायचे.

आतली बॅटरी ओळखायला भिंगाची गरज नव्हती. तिच्या पायांशी पांढरी, भुसभुशीत बुरशीसारखी भर चढली होती आणि तिथून हिरवट-निळी छटा पाटीवर चांगली दोन बोटे पसरली होती. याला लोक सरसकट ‘बॅटरीचे अ‍ॅसिड सांडले’ असे म्हणतात, आणि तिथेच उपायही चुकतो. निकेल-कॅडमियमच्या सेलमध्ये आम्ल नसते. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, म्हणजे तीव्र अल्कली असते. सेल पूर्ण उतरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहिला की त्याची सील सैल होते आणि ही अल्कली धातूच्या पृष्ठभागावरून सरपटत बाहेर येते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिचे पोटॅशियम कार्बोनेट बनते. पांढरी भर ती हीच. हिरवा रंग तांब्याचा. पाटीवरील हिरव्या लेपाखाली शिरून ही अल्कली तांब्याच्या रेषा आतून कुरतडते, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी रेषा आत तुटलेली असू शकते. बनवणाऱ्याला यात दोष देता येणार नाही, कारण चार-पाच वर्षांनी बदलायची वस्तू चाळीस वर्षे जागच्या जागी राहिली होती.

कॅडमियम हा विषारी धातू असल्याने हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडून, टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरून मी कामाला बसलो. मल्टिमीटरवर बॅटरी शून्य व्होल्ट दाखवत होती. आधी बारीक कटरने तिचे पाय कापून धड वेगळे केले आणि लगेच झिपच्या पिशवीत बंद केले. पाटीच्या भोकांत अडकलेले पायांचे तुकडे काढणे तेवढे राहिले होते, आणि तिथे मी पुरता अडलो. सोल्डर राखाडी, निस्तेज झाले होते. सोल्डर करायची तापलेली टोचणी मिनिटभर टेकवली तरी वितळेना.

सांगलीत रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या काकांना मी फोन लावला. टोचणी धरायला मी त्यांच्याच दुकानात शिकलो.

“काका, सोल्डरचा जुना डाग वितळतच नाहीये हो.”

“अरे, वितळायला त्यात कथील राहिलंय कुठं? वरचं सगळं खाऊन टाकलंय त्यानं. आधी खरवड, फ्लक्स लाव आणि त्याच्यावरच ताजा डाग दे. नवा वितळला की जुन्याला बरोबर घेऊन सुटतो. कल्हईवाला काय करायचा? भांडं राखेनं घासल्याशिवाय आणि नवसागर टाकल्याशिवाय कथलाला हात लावायचा का?”

ही उपमा मला त्या आठवड्यात अनेकदा उपयोगी पडली. कल्हईवाला नवसागराने तांब्यावरचा मळ सोडवतो तेव्हा कथील भांड्याला धरते. फ्लक्सचे कामही नेमके तेच, आणि काजळी चढलेल्या तांब्यावर कोणतेच कथील बसत नाही. मी खरवडून, फ्लक्स लावून ताजे सोल्डर दिले, तेव्हा पहिला तुकडा अलगद निघाला. दुसऱ्याच्या वेळी मात्र माझा धीर सुटला आणि मी चिमट्याने किंचित ओढले. तुकड्याबरोबर भोकाभोवतीची तांब्याची कडीही उचलून आली. चूक माझीच होती. अल्कलीने कडीखालचा चिकटपणा आधीच घालवला होता, पण ओढण्याची घाई नसती तर ती कदाचित वाचली असती.

यानंतरचे काम स्वच्छतेचे, आणि एकूण वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ त्यानेच खाल्ला. अल्कली मारायला सौम्य आम्ल हवे. स्वयंपाकघरातील पांढरे व्हिनेगर, ज्यात साधारण पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असते, कापसाच्या काडीवर घेऊन मी पांढऱ्या भरीवर टेकवले, तेव्हा बारीक बुडबुडे उठले. कार्बोनेट विरघळत असल्याची ती खूण. बुडबुडे थांबेपर्यंत काड्या बदलत राहिलो. लिंबाच्या रसानेही हे साधते, पण त्यात साखर आणि गर असतो, तो पाटीवर राहणे बरे नाही. व्हिनेगर मागे राहिले तर तेही तांबे खाऊ लागते, म्हणून त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने मऊ टूथब्रश वापरून दोनदा धुतले आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाणी काढून घेतले. नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार सुकून पुन्हा पाटीवरच बसतात. धुतलेली पाटी मी दोन दिवस पंख्यासमोर उभी ठेवली. आमच्या सौभाग्यवतींनी ताटाळ्यात कपबश्यांशेजारी उभी असलेली ती पाटी पाहून काही न बोलण्याचा मोठेपणा दाखवला.

पाटी सुकल्यावर खरा हिशेब समोर आला. डाग पडलेल्या भागातील प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटरच्या काड्या लावून, रेषा अखंड असल्याची शिटी वाजते का ते पाहिले आणि वहीत टिपत गेलो. दोन रेषा उघडच तुटल्या होत्या. त्यांच्यावरचा काळवंडलेला लेप चाकूच्या टोकाने खरवडला, चमकदार तांबे लागेपर्यंत मागे गेलो आणि केसासारख्या बारीक तारेने दोन्ही टोके जोडली. माझ्याच हातून निघालेल्या कडीच्या जागीही अशीच एक तार गेली.

पाटी उघडी होती तेवढ्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलून घेतले. त्यांच्यातील द्रवही इतक्या वर्षांनी झिरपतो. टोचणी लावताच त्यातल्या काहींच्या पायांपाशी मासळीसारखा वास आला, तो त्याचाच पुरावा. धन आणि ऋण पायांच्या खुणा पाहून एक काढायचा आणि त्याच जागी लगेच दुसरा बसवायचा, सगळे एकदम काढायचे नाहीत, हा नियम या वेळी मात्र मी पाळला.

आता नवी बॅटरी. यावर मी बराच विचार केला, कारण जागा लहान असली तरी निवड चुकली तर पुन्हा तेच दुखणे. घड्याळात असते तशी लिथियमची न भरता येणारी चकती बसवण्याचा मोह अनेकांना होतो. ती गळत नाही आणि स्वस्तही असते. पण या यंत्रातील मंडल त्या जागी सतत विजेचा भरणा करत असते, आणि न भरता येणाऱ्या लिथियम सेलमध्ये वीज ढकलली तर तो फुटू शकतो, पेटूही शकतो. वाटेत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालून भरणा अडवता येतो, पण मग तो डायोड पुढल्या माणसाने काढला तर काय, हा प्रश्न उरतोच. दुसरा पर्याय सुपरकपॅसिटरचा. तो कधी गळत नाही म्हणतात आणि हजारो वेळा भरता येतो; मात्र त्याचे व्होल्टेज उतरणीवरून गाडी घरंगळावी तसे पहिल्या क्षणापासून घसरू लागते, त्यामुळे स्मृती फार काळ टिकत नाही. ज्याला पेन्सिल सेल बदलण्यापुरताच आधार हवा त्याने तो जरूर वापरावा.

मी निकेल-मेटल हायड्राइडच्या तीन चकत्यांचा ३.६ व्होल्ट, ८० मिलिअँपिअर-तासांचा संच निवडला. व्होल्टेज मूळ बॅटरीइतकेच, भरणा अगदी अल्प असल्याने तो सोसणारा, आणि कॅडमियम नाही. पण यातही अल्कलीच असते आणि कधीतरी तोही गळणारच, ही गोष्ट गृहीत धरून मी तो पाटीवर सोल्डर केला नाही. मूळ जागेपासून दोन तारा काढल्या, त्यांना उलटा बसू न शकणारा दोन पायांचा जोड लावला, आणि संच प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून पेटीच्या मोकळ्या कोपऱ्यात दुहेरी चिकटपट्टीने बसवला. उद्या तो गळलाच तर प्लास्टिकवर गळेल. पाटीचे मूळ रूप बिघडते म्हणून काही संग्राहकांना हे रुचत नाही. मला ते मान्य नाही. मूळ रूप जपण्याच्या नावाखाली नवी बॅटरी जुन्याच जागी डकवायची म्हणजे चाळीस वर्षांनंतरच्या कुणाच्या तरी माथी हेच काम मारायचे.

वीज देताना या वेळी सेल वापरले नाहीत. टेबलावरच्या पॉवर सप्लायवर ६ व्होल्ट ठेवले आणि प्रवाहाला मर्यादा घातली, म्हणजे कुठे शॉर्ट असलाच तर धूर निघण्याआधी पुरवठा थांबेल. याच्या अ‍ॅडॅप्टरच्या बाबतीत एक सावधगिरी हवी: त्याच्या पिनेचा मध्य ऋण असतो, आणि हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरचा धन. आकाराने बसतो म्हणून घरातला कोणताही जोडू नये. पाटीवर प्रोसेसरसाठी धन ५ आणि पडद्यासाठी वगैरे ऋण ५ अशी दोन व्होल्टेज तयार होतात. दोन्ही मोजून ठीक निघाल्यावर मी पडदा जोडला. कळ सरकवल्यावर त्यावर चौकोन आणि खुणांचा अर्थहीन कचरा उमटला, आणि मला तो कचरा पाहून हायसे वाटले. रॅम वर्षानुवर्षे रिकामी असल्याने आतील नोंदी वाटेल तशा असतात. कंट्रोल आणि ब्रेकच्या कळा दाबून धरत मागचे रीसेट बटण दाबले की यंत्र कोऱ्या पाटीने सुरू होते. तसे केले, आणि पडद्यावर बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम, अ‍ॅड्रेस, शेड्यूल ही पाच प्रोग्रामची नावे ओळीने आली. तळाशी २१४४६ बाइट मोकळे असल्याची नोंद होती.

आनंद पाच मिनिटे टिकला. टेक्स्ट उघडून लिहू लागलो तर ए, एस, डी, एफ, जी, एच, जे आणि के ही आठ अक्षरे उमटेनात. त्यांच्याच ओळीत शेजारी असलेले एल मात्र व्यवस्थित उमटत होते. कळा मळल्या असत्या तर त्या अशा मोजून आठच बंद पडल्या नसत्या. या कळफलकाच्या ७२ कळा विजेच्या दृष्टीने आठ-आठच्या नऊ गटांत विभागलेल्या आहेत, आणि एल ही कळ खालच्या ओळीतील झेड, एक्स, सी यांच्या गटात मोडते. म्हणजे आठ कळा नव्हे, एक रेषा तुटली होती. पाटी पुन्हा बाहेर काढली. कळफलकाच्या जोडापासून निघणारी ती रेषा एका ठिकाणी पाटीच्या वरच्या बाजूकडून खालच्या बाजूला जाते, आणि त्या इवल्याशा भोकाच्या आतले तांबेच गेले होते. आदल्या वेळी मी मल्टिमीटरची काडी भोकावर एवढ्या जोराने दाबली होती की दाबामुळे जोड तात्पुरता लागला असावा. शिटी वाजली आणि मी वहीत बरोबरची खूण करून पुढे गेलो. भोकातून तार ओवून ती दोन्ही बाजूंनी सोल्डर केली, तेव्हा आठही अक्षरे परत आली.

शेवटची परीक्षा स्मृतीची. यंत्र दोन दिवस अ‍ॅडॅप्टरवर ठेवून आतली बॅटरी भरून घेतली. मग टेक्स्टमध्ये आठ-दहा ओळी लिहिल्या, अ‍ॅडॅप्टर आणि सेल काढले, तळाची स्मृतीची कळ चालूच ठेवली आणि यंत्र कपाटात ठेवून दिले. बाराव्या दिवशी सेल घालून पाहिले तर मजकूर जसाच्या तसा होता, घड्याळही चालू होते. त्याहून अधिक ताणून पाहण्याची मला गरज वाटली नाही. पिशवीत बंद केलेली जुनी बॅटरी शहराच्या घातक कचरा संकलन केंद्रात देऊन आलो.

आता महिन्यातून एक-दोनदा मी त्यावर लिहितो. कळफलक आजच्या कोणत्याही लॅपटॉपपेक्षा हाताला सुखाचा आहे. काम झाले की मजकूर मोठ्या संगणकावर उतरवून घेतो, पेन्सिल सेल काढतो, आणि आतला जोडही सोडवून ठेवतो. त्यासाठी दर वेळी चार स्क्रू काढावे लागतात, आणि स्मृती पुसली जात असल्याने सुरुवातीला तारीख-वेळ नव्याने द्यावी लागते. वर्षाचे शेवटचे दोनच अंक तो विचारतो, कारण पहिले दोन रॉममध्ये कायमचे लिहून ठेवलेले आहेत. २०२५ साली मी २५ दिले, आणि पडद्यावर १९२५ उमटले.